वाचकांचे प्रश्न : घरातले पाणी, परसातले पाणी

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो. यंदाही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून पाण्याविषयीची पत्रे सर्वाधिक आली. काही पत्रांतील मजकूर समान असल्यामुळे ती एकत्र केली आहेत, आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (सांगली) : आमच्याकडे नळाला रोज सकाळी पाणी येते. सासूबाईंच्या घरात पूर्वीपासून रीत अशी की, आदल्या दिवशीचे उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतून द्यायचे, भांडी घासायची आणि ताजे पाणी भरायचे. २०१९ च्या महापुरात चहूकडे पाणी असताना आम्ही पिण्याच्या पाण्यासाठी वणवण केली, तेव्हापासून हे ओतणे माझ्या जिवावर येते. पण आरोग्य कर्मचारीही आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा असे सांगून जातात. मग नेमके काय करावे?

उत्तर : आपल्या सासूबाईंची रीत निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या काळात नदीचे किंवा आडाचे पाणी जसेच्या तसे घरात येत असे, भांड्यांवर धड झाकण नसे आणि तळाशी गाळ साचत असे, त्या काळात रोज पाणी बदलणे हेच शहाणपण होते. आज शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन मिसळून आलेले पाणी घासलेल्या भांड्यात झाकून ठेवले आणि त्यात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढून घेतले, तर ते एका रात्रीत पिण्यास अयोग्य होत नाही. दोन हंडे आणि एक कळशी असे सुमारे ४० लिटर पाणी रोज ओतले जात असेल, तर महिन्याला १,२०० लिटर होतात.

कोरड्या दिवसाचे कारण वेगळे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि आपल्याकडच्या उबदार हवेत त्या अंड्यांपासून उडणारा डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा हे चक्र तोडायचे असते, रोज नव्हे. मात्र त्या दिवशी नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्या भांड्यातही कित्येक महिने तग धरतात. पिंपाची आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने खरवडून घासणे हा कोरड्या दिवसाचा खरा भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेक घरांत वगळला जातो. आदल्या दिवशी भांडी अर्धीच भरावीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी रिकामे करायला फारसे उरत नाही. जे उरेल ते गटारात न सोडता मातीवर ओतावे. अळ्या असल्या तरी कोरड्या मातीवर त्या मरतात.

सासूबाईंशी वाद घालू नये, असे मी सुचवेन. त्यांना ताजे पाणी भरू द्यावे आणि ‘शिळे’ पाणी एका बादलीत काढून फरशी पुसण्यासाठी किंवा कपडे भिजवण्यासाठी ठेवावे. अनेक घरांत ही तडजोड विनातक्रार चालते.

प्रश्न (सातारा) : आम्ही उपनगरात राहतो, पाण्याचे बिल मीटरवर येते. घरात आम्ही पती-पत्नी दोघेच, दोघेही निवृत्त, बागही नाही. तरी दोन महिन्यांचे बिल ३६ युनिटचे आले. मीटर बिघडला असावा का?

उत्तर : मीटर बिघडतात, परंतु त्याच्यावर संशय घेण्यापूर्वी थोडा हिशेब करावा. एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. ३६ हजार लिटरला साठ दिवस आणि दोन माणसे यांनी भागले की माणशी रोज ३०० लिटर येतात. भुयारी गटारे असलेल्या शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात, ग्रामीण भागात जलजीवन मिशनने ५५ लिटर धरले आहेत. १३५ च्या हिशेबाने आपल्या दोघांचे दोन महिन्यांचे पाणी १६,२०० लिटर व्हायला हवे. म्हणजे जवळजवळ वीस हजार लिटर आपण न वापरता कुठेतरी जात आहेत.

ते शोधण्यासाठी सोपा उपाय असा : रात्री निजण्यापूर्वी गच्चीवरची टाकी भरून घ्यावी, सर्व तोट्या बंद कराव्यात, मीटरचा आकडा लाल आकड्यांसकट लिहून ठेवावा आणि टाकीतील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. पहाटे कोणी उठण्यापूर्वी दोन्ही पुन्हा पाहावे. रात्री नळ आलेला असताना मीटर फिरला आणि टाकी भरलेलीच असेल, तर बहुधा टाकीचा बॉलकॉक नीट बंद होत नाही आणि जादा पाणी वरच्या नळीतून गच्चीवर किंवा थेट पन्हळीत वाहून जाते. आकडा जागच्या जागी आहे परंतु टाकीची पातळी उतरली असेल, तर गळती घराच्या आत आहे.

घरातील गळतीत मी सर्वांत आधी शौचालयाच्या फ्लश टाकीकडे पाहीन. तोटी गळते तेव्हा आवाज होतो, ओल दिसते आणि वायसर बदलण्यासाठी कोणी तरी प्लंबरला बोलावतो. फ्लशच्या टाकीतील रबरी झडप झिजली की पाणी भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पातळ पदरासारखे खाली उतरत राहते, आणि ते ना ऐकू येते ना दिसते. आमच्या स्वतःच्या घरात हा प्रकार संपूर्ण एक हिवाळा चालला होता. मी आयुष्यभर लोकांना पाण्याचे हिशेब सांगत आलो असल्यामुळे ही गोष्ट घरी आजही अधूनमधून निघते. परीक्षेसाठी टाकीच्या पाण्यात कपड्यांना घालण्याची नीळ थोडी मिसळावी आणि अर्धा तास कोणीही फ्लश वापरू नये. भांड्यातील पाणी निळसर झाले तर झडप गळते. पुष्कळ जण यासाठी हळद वापरतात, पण हळद तळाशी बसते आणि पिवळे डाग मागे ठेवते, तेव्हा सांगलीकरांची क्षमा मागून मी निळीचीच शिफारस करतो.

मिनिटाला एक पेला म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाणी असे झिरपले, तर दिवसाला २८८ लिटर आणि साठ दिवसांत सतरा हजार लिटरांहून अधिक होतात. आपल्या बिलातील तफावत बहुतांशी एवढीच आहे. झडप काही थोड्या रुपयांत मिळते. ती बदलताना टाकी जुन्या धाटणीची, एका वेळी दहा-बारा लिटर सोडणारी असेल, तर दोन बटणांची टाकी बसवण्याचा विचार करावा. तिच्यात लहान बटणाला साधारण तीन आणि मोठ्याला सहा लिटर लागतात. तोपर्यंत पाणी भरून घट्ट बूच लावलेली एक लिटरची बाटली जुन्या टाकीत, दांड्याला अडणार नाही अशा कोपऱ्यात उभी करावी. दर वेळी एक लिटर वाचतो.

हे सारे करूनही आकडा जुळला नाही, तर मात्र मीटर तपासून घेण्यासाठी लेखी अर्ज करावा.

प्रश्न (कऱ्हाड) : गच्चीवर सौर बंब आहे. खालच्या न्हाणीघरात गरम पाणी येईपर्यंत बरेच थंड पाणी सोडून द्यावे लागते. काही उपाय आहे का?

उत्तर : पाऊण इंची नळीत दर दहा फुटांना एक लिटरच्या आसपास पाणी मावते. बंबापासून आपल्या तोटीपर्यंत पन्नास फूट नळी असेल तर दर वेळी पाच लिटर थंड पाणी आधी बाहेर पडणारच. उघड्या नळीवर उष्णतारोधक वेष्टण बसवावे, आणि घरातील सर्वांच्या आंघोळी लागोपाठ उरकाव्यात, म्हणजे नळी मध्येच निवत नाही. पहिले पाणी मात्र बादलीत धरावे. गरम पाण्यात विसण म्हणून तेच उपयोगी पडते.

प्रश्न (मिरज) : २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती भरताना मी पाहिली आहे. त्यानंतर आमच्या आरओ यंत्राची बारीक नळी मोरीत वाहताना पाहवत नाही. ते पाणी झाडांना घातले तर चालेल का?

उत्तर : त्या एप्रिलमध्ये निघालेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले होते. ती ज्याने पाहिली त्याला मोरीतली नळी खुपणे स्वाभाविक आहे.

आपण विचारलेल्या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न येतो, तो म्हणजे आपल्याला आरओ यंत्राची गरज आहे काय. हे यंत्र पाण्यातील विरघळलेले क्षार काढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात असे विरघळलेले पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे स्वीकारार्ह आहे. हे प्रमाण दाखवणारे पेनाएवढे उपकरण यंत्र बसवणाऱ्यांकडे असते. नदीचे शुद्ध केलेले नळाचे पाणी आपण पीत असाल, तर ते उपकरण एकदा त्या पाण्यात बुडवून आकडा आपल्या डोळ्यांनी पाहावा. आकडा मर्यादेच्या बराच खाली असेल आणि पाण्यात दुसरा काही रासायनिक दोष नसेल, तर जंतू मारणारे अतिनील किरणांचे साधे यंत्र पुरते, आणि त्यातून पाणी वाया जात नाही. बोअरचे पाणी जड असेल तर गोष्ट वेगळी आहे.

यंत्र ठेवायचेच असेल, तर स्वच्छ पाण्याखाली एक आणि टाकाऊ नळीखाली एक अशी दोन भांडी लावून मापून पाहावे. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर बाहेर टाकले जाणे नेहमीचे आहे. या टाकाऊ पाण्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट झालेले असतात. फरशी पुसणे, शौचालयात ओतणे, भांडी विसळण्याचा पहिला हात, पायरी धुणे या कामांना ते निर्धोक आहे. कुंड्यांना मात्र ते नेमाने घालू नये, कारण कुंडीतली मूठभर माती क्षार साठवत जाते आणि काही महिन्यांनी पानांच्या कडा करपू लागतात. कृष्णाकाठी मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांत उसाला बेसुमार पाणी देऊन निचऱ्याअभावी क्षारपड झालेली राने आपण पाहिली असतील. कुंडीत तेच लहान प्रमाणावर आणि कितीतरी वेगाने घडते.

प्रश्न (विटा) : घराभोवती सुमारे एक गुंठा मोकळी जागा आहे. त्यात लिंबू, शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा आणि अर्ध्या भागात हौसेने लावलेली हिरवळ आहे. एप्रिलपासून टँकर घ्यावा लागतो. संध्याकाळी मी स्वतः पाइपाने अर्धा तास पाणी घालतो, तरी झाडे मलूल दिसतात. बाग ठेवावी की काढून टाकावी?

उत्तर : बाग ठेवावी, हिरवळ काढावी. हे उत्तर आपल्याला रुचणार नाही, म्हणून त्याचे कारण सविस्तर देतो.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्या भागातील एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात हिरवळीतून रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर, तेव्हा ती केवळ जिवंत ठेवण्यास रोज २५० ते ३०० लिटर हवेत. एवढ्या पाण्यात आपली उरलेली सर्व झाडे दोन-तीन दिवस आरामात राहतील. हिरवळ ही सतत भुरभुर पाऊस पडणाऱ्या मुलखातील हौस आहे आणि खानापूर तालुक्यात ती टँकरवर पोसणे मला पटत नाही. त्या जागी सदाफुली, कोरफड, बोगनवेल लावावी, किंवा मुरूम पसरून दोन खुर्च्या ठेवाव्यात.

आता पाइपाविषयी. पंधरा लिटरची बादली आपल्या पाइपाने किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. एक मिनिट लागत असेल, तर अर्ध्या तासात आपण साडेचारशे लिटर घालता. तरीही झाडे मलूल दिसतात, याचा अर्थ पाणी मुळांपाशी पोचत नाही. वरवर रोज शिंपडल्याने मातीचा बोटभर थर ओला होतो, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जातो आणि मुळेही ओलाव्याच्या मागे वरच येऊन बसतात, त्यामुळे झाड उन्हाला अधिकच भिते. पाणी घातल्यावर तासाभराने खुरप्याने वीतभर खोल उकरून पाहावे. खाली कोरडे असेल तर रोज थोडे घालण्याऐवजी मोठ्या झाडांना चार-पाच दिवसांनी एकदा, सावकाश आणि भरपूर पाणी द्यावे. काळी माती असल्यास एकदम ओतलेले पाणी भेगांतून खाली निसटते, म्हणून अशा मातीत आधी झारीने हलके भिजवून, भेगा मिटल्या की मग पाणी द्यावे.

आळे कुठे केले आहे, हेही पाहावे. बहुतेक परसांत ते बुंध्याला चिकटून असते. पाणी शोषणारी कोवळी मुळे फांद्यांचा विस्तार जिथे संपतो त्या परिघात असतात, तेव्हा लिंबाचे आळे सावलीच्या कडेपर्यंत रुंद करावे आणि बुंध्याभोवती मातीची भर द्यावी, म्हणजे खोडाला पाणी लागून डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, होण्याचा धोकाही टळतो.

या सगळ्याहून अधिक फळ देणारे काम म्हणजे माती झाकणे. आपल्या जिल्ह्यात उसाचे पाचट मिळणे अवघड नाही. त्याचा चार बोटे जाडीचा थर आळ्यात पसरला की मातीवर ऊन पडत नाही आणि पाण्याचा फेर लांबतो. पाचट नसेल तर शेंगांची टरफले, नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पालापाचोळा घ्यावा, परंतु थर बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा. तळी वाळवी असणाऱ्या जागी तो अधूनमधून उलटून पाहावा.

मोगरा आणि जास्वंद यांच्यासाठी मातीचे मडके पुरावे. पाच-सहा लिटरचे, रंग किंवा झिलई न दिलेले मडके दोन झाडांच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरून भरावे आणि तोंडावर थाळी ठेवावी. माती कोरडी होईल तसे पाणी झिरपत जाते आणि ओली असेल तेव्हा झिरपणे आपोआप मंदावते. दर एक-दोन वर्षांनी छिद्रे क्षारांनी बुजतात, तेव्हा मडके बदलावे लागते. माठाला पाणी थंड होईनासे झाले म्हणून आपण तो अडगळीत टाकतो, तो मात्र या कामाला घेऊ नये, कारण त्याचीही छिद्रे त्याच कारणाने बुजलेली असतात.

न्हाणीघराचे सांडपाणी केळ, अळू आणि कर्दळ यांना सोडण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. पाणी तुंबून न राहता रोजच्या रोज जमिनीत मुरले पाहिजे, आणि कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी शक्यतो वेगळे काढावे, कारण त्यातील सोडियम मातीला घट्ट व चिकट करतो. पालेभाज्यांना सांडपाणी देऊ नये.

शेवग्याची काळजी सोडावी, तो जगतो. लिंबाच्या बाबतीत बागायतदारांचा अनुभव असा की, बहर धरण्यापूर्वी काही आठवडे पाणी तोडून झाडाला ताण दिला की फुलोरा चांगला येतो. रोज संध्याकाळी मायेने पाणी मिळणाऱ्या परसातील लिंबाला पाने भरपूर आणि लिंबे मोजकीच येतात, त्याचे एक कारण हेही असते.

प्रश्न (दहिवडी) : छपरावरचे पावसाचे पाणी साठवावे म्हणतो. पण माणमध्ये पाऊसच किती पडतो? महाबळेश्वर आमच्याच जिल्ह्यात असून आम्हाला काय उपयोग?

उत्तर : महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक आणि माणात पाचशेच्या आसपास, ही दरी खरी आहे. तरीही एक हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरचे छप्पर घेतले, तर पाचशे मिलिमीटर पावसात त्यावर साडेशेचाळीस हजार लिटर पाणी पडते, आणि गळती, उडणे, पहिले धुवण सोडून दिले तरी त्यातले ३७ हजार लिटर हाती येऊ शकतात.

एवढ्या पाण्याला मोठी टाकी लागेल या भीतीने लोक मागे सरतात. परंतु सर्व पाणी साठवण्याची गरज नाही. चार माणसांच्या घरात पिणे आणि स्वयंपाक यांसाठी रोज वीस लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांसाठी २,४०० लिटर पुरतात. पाच हजार लिटरची काळी, झाकणबंद टाकी घेतली तर निम्मे पाणी शिल्लक राहील. आपल्याकडे परतीच्या पावसाचा वाटा मोठा असतो, म्हणून टाकी जूनमध्येच भरण्याची घाई करू नये. सुरुवातीच्या पावसांत छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन जाऊ द्यावी, पन्हळ साफ करावी आणि सप्टेंबरच्या पाण्याने टाकी काठोकाठ भरावी. टाकीत उजेड शिरू दिला नाही की शेवाळ धरत नाही. पाणी उकळून प्यावे. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे असेल तर ते पाणी पिण्यासाठी घेऊ नये.

टाकी भरल्यावरचे पाणी बोअरमध्ये सोडता येते, मात्र मोठे दगड, खडी आणि वाळू यांच्या थरांतून गाळूनच. अंगणातले किंवा गोठ्याजवळचे पाणी त्यात कदापि जाऊ देऊ नये. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरून ठेवतो तो केवळ भेगांत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे एकाच गल्लीतील दोन बोअरपैकी एक पाणी पिते आणि दुसरे वर येऊन वाहू लागते. आधी टँकरभर पाणी सोडून ते किती वेळात उतरते हे पाहावे, आणि खर्च मोठा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न (तासगाव) : वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी झाडांना आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला चालते का?

उत्तर : झाडांना चालते. ते हवेतील बाष्पाचे पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि वर सांगितलेल्या आरओच्या टाकाऊ पाण्याने त्रासलेल्या कुंड्यांना ते मुद्दाम द्यावे. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते थोडेच मिळेल, पावसाळ्यात बादलीभर. बॅटरीत मात्र ते घालू नये. यंत्रातील धातूच्या जाळीवरून आणि धुळीवरून ते ओघळत येते, आणि तेवढी अशुद्धता बॅटरीचे आयुष्य कमी करण्यास पुरेशी असते. बॅटरीसाठी दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणावा.